व्यंकूच्या पाच रेघा

व्यंकू, चौकात तुझा फ्लेक्स लागलाय. नारायणनं लावला. आपल्या या चुलतभावाला जिवंत माणसासाठी वेळ नसतो, मेलेल्यासाठी तो सगळ्यात पुढं. तुझ्या आधारकार्डावरचा फोटो मोठा केलाय, त्यामुळं तू चोरासारखा दिसतोस. खाली जन्म, मृत्यू आणि शोकाकुल म्हणून नावांची रांग. त्यातली निम्मी माणसं तुझ्या गाडीत बसून कानात बोटं घालणारी आहेत. जे सगळ्यांना माहीत होतं ते तिथं छापून आलं. जे फ्लेक्सवर मावलं नाही ते मी, तुझी थोरली बहीण, लिहिते.

मराठीत लिहिते. घरात आपण जन्मभर तेलुगू बोललो, पण ती मला लिहिता येत नाही. चौथीपर्यंत शाळेत जे हाताला लागलं ते मराठी. तूही त्याच शाळेतला, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढू नकोस. तुला कधी जमलं नव्हतं.

आधी वाईट बातमी सांगते. गाडीत तू बसवलेला आवाज पुसला गेला.

शिनूनं पुसला. तुझ्याच पोरानं, आणि वाईट बुद्धीनं नाही. दहावा झाल्यावर त्याला वाटलं, बाबांची गाणी आपल्या फोनात घेऊन पुण्याला न्यावीत. तुझा तो काडेपेटीएवढा प्लेअर त्यानं कॉम्प्युटरला जोडला. प्लेअर अडकला. शिनूनं कुठलंसं बटण दाबून धरलं. प्लेअर विझला, परत पेटला, आणि पडद्यावरच्या आवाजाच्या पाचही रेघा मधोमध येऊन उभ्या. प्रार्थनेला पोरं उभी करतात तशा, एका उंचीच्या, मुकाट.

"काय न्हाई गेलं अक्का," शिनू म्हणाला. "गाणी सगळी हायत की."

"गाणी दुकानात पण मिळतात," मी म्हटलं.

त्याला कळलं नाही. पुण्याला राहून राहून पोराचं डोकं गार झालंय.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे तुझी व्हॅन विकायला काढली आहे. नारायणनं मंगळवेढ्याचं गिऱ्हाईक आणलं. रविवारी बघायला येणार असं ठरलं. घरात चालवणारं कोणी नाही, दारात गंजेल, हे त्याचं म्हणणं. शिनूनं मान हलवली. गाडी आता पद्माची. तुझी बायको. पण ती आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसलेली, आणि बाहेर पुरुष बोलत होते. मी पुरुष नाही, पण मी बाहेर होते. मला ते पटलं नव्हतं आणि पटलं नाही असं मी बोललेही. नारायण म्हणाला, अक्का, तुझा त्या गाडीवर हक्क काय?

बरोबर आहे. गाडीवर माझा हक्क नाही. त्या पाच रेघांवर आहे. त्या मी तुझ्याबरोबर बसून वर-खाली केल्या आहेत.

हे दुसऱ्या कोणी वाचलं तर त्याला कळावं म्हणून थोडं सांगते. तुला माहीत आहे, तू ओळी सोडून पुढं जा.

तू यंत्रमागावरचं काम सोडलंस आणि शाळेची पोरं न्यायला ही व्हॅन घेतलीस, तेव्हा तिच्यात आधीच्या मालकानं बसवलेला टेप होता. त्याला दोन गोल बटणं. एक जाड आवाजाचं, एक बारीक आवाजाचं. जाड वाढवलं की रिकामा डबा बडवल्यासारखं, बारीक वाढवलं की पत्रा कातरल्यासारखं. मधलं काही नाही. सगळे म्हणाले, नवा सेट बसव. तू म्हणालास, सेट चांगला आहे, त्याला नीट सांगणारा कोणी नाही. मग बाजारातून तो प्लेअर घेऊन आलास. वायरीचं एक टोक प्लेअरला, दुसरं टेपच्या भोकात. फोन का नाही लावत विचारलं, तर म्हणालास, फोन गाण्याच्या मधे तोंड घालतो.

त्या प्लेअरमध्ये इक्वलायझर होता. तू त्याला 'इक्वल' म्हणायचास. पाच उभ्या रेघा. डावीकडची पहिली ढोलकीची, उजवीकडची शेवटची झांजेची, मधे माणसाचा गळा. गाडीत जे जास्त होतं ते प्लेअरमध्येच कमी करून पाठवायचं. जे कमी पडतं ते थोडं वाढवून पाठवायचं. म्हणजे गाडी आहे तशीच राहते, गाणंच त्या गाडीला सोसेल असं होऊन येतं. ही तुझी अक्कल, आणि मला ती पहिल्या दिवशी पटली होती. तसं बोलले नाही. तू लगेच डोक्यावर बसला असतास.

तुझे नियमही ठरलेले. टेपची दोन्ही बटणं मधोमध, त्यांना हात लावायचा नाही. प्लेअरचा आवाज शेवटपर्यंत न्यायचा नाही, थोडं अलीकडं थांबायचं, नाहीतर फाटतो. आणि कुठलीही रेघ वर नेण्याआधी दुसरी एखादी खाली आणून बघायची. हा शेवटचा नियम तू मला शिकवलास आणि स्वतः एक दिवस पाळला नाहीस.

पहिल्या रविवारी तू गल्लीत गाडी उभी करून दुपारभर रेघा लावत बसलास. गल्ली जमली. कोणी म्हणालं सिनेमागृह झालं, कोणी म्हणालं लग्नाला लावा. तू इतका फुगलास की चहा दिला तरी लक्ष नाही. संध्याकाळी मला अक्कलकोट रोडनं फिरवायला नेलंस. या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली, म्हणजे आपल्या बुडाखालीच. गाडीनं वेग घेतला आणि इंजिनानं तुझी ढोलकी गिळली. राहिली नुसती झांज, ती चावायला.

"उभ्या गाडीत गाणं ऐकायचंय का चालत्या?" मी विचारलं.

तू नाक्यावर प्लेअर माझ्या मांडीवर टाकलास आणि म्हणालास, "मग तू लाव की."

तेव्हापासून आपली पद्धत ठरली. तू चालवायचास, मी रेघा हलवायची. बोलायचं नाही, कारण बोललं की गाणं ऐकू येत नाही. तू मागावर शिकलेल्या खुणा करायचास. मागाच्या खात्यात, जिथं माग चालतात त्या शेडमध्ये, माणसाचं बोलणं पोचत नाही म्हणून तिथं सगळे हातानं आणि ओठानं बोलतात. अंगठा वर म्हणजे वाढव. पंजा पालथा म्हणजे कमी. मूठ म्हणजे तिथंच धर. स्टिअरिंगवरचा तुझा डावा हात सारखा चालू. समोरून येणाऱ्या एसटीवाल्याला वाटायचं तू त्याला काहीतरी सांगतोयस, तो पण हात करायचा.

दारं थरथरायची ती मी बंद केली, हे विसरू नकोस. जाड आवाज आला की दाराचा पत्रा दात वाजवल्यासारखा वाजायचा आणि तू म्हणायचास स्पीकर गेला. मी म्हटलं, स्पीकर नव्हे, दार आहे. ओळखीच्या कारखान्यातून टॉवेलच्या काठाच्या कापलेल्या पट्ट्या आणल्या, दाराचं अस्तर काढून आत ठासून भरल्या. थरथर गेली. पावसाळ्यात त्या ओल्या झाल्या आणि गाडीला असा वास सुटला की शाळेची पोरं नाक धरून बसायची. तू मला पोरांसमोर नावं ठेवलीस. पण पट्ट्या काढल्या नाहीस. उन्हात वाळवल्यास आणि परत भरल्यास. ते मी बघितलं होतं.

आता आपल्या भांडणाकडं येते. ते अर्धं राहिलंय आणि तू गेलास म्हणून मी ते सोडून देणार नाही.

शेवटची रेघ. झांजेची.

मी ती मधे ठेवायची. तू मी उतरले की टोकाला न्यायचास. पार वर. त्यानं गाण्यातला प्रत्येक 'स' सापासारखा फुत्कारायचा. पेटीचा सूर पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. शाळेची पोरं म्हणायची, काका, टोचतंय. नारायण एकदा अकलूजपर्यंत बसून आला आणि उतरल्यावर त्याचं डोकं धरलं. तू म्हणायचास, जगाचे कान बिघडलेत. गायकच तोंडात पान धरून गातात, त्यांचे शब्द सुटे करून घ्यावे लागतात.

मी तुला तोंडावर सांगितलं. तुझे कान मागानं खाल्ले. इतकी वर्षं त्या खडखडाटात उभा राहिलास, बारीक आवाज तुझ्या कानातून निघून गेलेत. तुला ते ऐकू येत नाहीत म्हणून तू ते वाढवतोस. मी विड्या वळत बसले जन्मभर. तिथं आवाज म्हणजे पान कातरायच्या कात्रीचा. माझे कान या वयातही शाबूत आहेत. गाडी वळली की इंडिकेटर टकटकत राहायचा आणि तुला पत्ता नसायचा. पुढचा चौक आला तरी टकटक. मी हात घालून बंद करायची आणि तू चिडायचास, गाडीच्या कामात हात घालू नको म्हणून. कुकरच्या शिट्ट्या तुला मोजता यायच्या नाहीत. मोबाइल खिशात वाजत असायचा आणि तू विचारायचास, कुणाचा वाजतोय, असं लोक का बघतायत.

"मला सगळं ऐकू येतं," हे तुझं उत्तर. कान तपासायचं शिबिर गल्लीत आलं होतं. तू त्या दिवशी मुद्दाम करकंबचं भाडं घेतलंस. मी दारात उभी राहून तुला ओरडून बोलले. तू काच वर केलीस.

खरं काय ते तू कबूल केलं नाहीस आणि आता करणार नाहीस. पण मी हरले नाही, हे नोंदवून ठेवते. बरोबर मीच होते.

तुझ्या चांगल्या गोष्टी पण सांगायला पाहिजेत, नाहीतर लोक म्हणतील म्हातारी मेलेल्या भावाशी भांडली. एकच सांगते. मी नवऱ्याचं घर सोडलं तेव्हा ट्रंक घेऊन सरळ तुझ्या मागाच्या खात्यात आले. तू तेव्हा मिसरूड फुटलेला. खात्यात इतका आवाज की माझाच मला ऐकू येईना. मी दारातून ओरडून सांगितलं की मी परत जाणार नाही. तुला ऐकू गेलं नसणार, पण तू ओठ वाचलेस. माग थांबवला नाहीस. एका हातानं तुटलेला धागा जोडत दुसऱ्या हाताची मूठ केलीस. तिथंच धर. पाळी संपल्यावर ट्रंक उचललीस आणि पुढं चालायला लागलास. का सोडलं, कोण चुकलं, लोक काय म्हणतील, यातलं काही विचारलं नाहीस. त्या रात्री नाही आणि नंतर कधीच नाही. लग्न झाल्यावर पद्मालाही पहिल्या दिवशी सांगून ठेवलंस की अक्का हितंच असणार.

आपल्यात आभार मानायची पद्धत नव्हती. मी आता सुरू करणार नाही.

तर, रेघा. शिनूनं पुसल्या आणि मी प्लेअर त्याच्या हातातून काढून घेतला. पाचही रेघांची तुझी उंची मला पाठ आहे. पहिली वर, दुसरी तिच्या खांद्याला, मधली खाली, चौथी परत वर, शेवटची टोकाला. मी चप्पल घातली, गल्लीत येऊन व्हॅनमध्ये बसले, वायर जोडली आणि गाणं लावलं.

नारायण धावत आला. अजून माणसं भेटायला येत होती, ओट्यावर सतरंजी होती.

"अक्का, घरात दिवस चाललेत आन् तू गाणी लावतीस?"

"घरात न्हाई लावली. गाडीत लावलीत."

"लोक बघायलेत."

"ज्याचे दिवस चाललेत त्याचीच गाणी हायत. दुसऱ्याची लावली असती तर तू बोलायचं."

तो ओट्यावर जाऊन बसला आणि मोठ्यानं उसासे टाकायला लागला, मला ऐकू जावेत म्हणून. मी काच वर केली. ते तुझ्याकडूनच शिकले.

शेवटची रेघ मी टोकाला नेली आणि तो फुत्कार परत आला. कान दुखले. ती एक उंची म्हणजे तू होतास, व्यंकू. तुला जेवढं ऐकू येत नव्हतं तेवढी ती वर. तुझा फोटो काढायचा तर तो काढायला हवा होता, पाच रेघांचा, आधारकार्डाचा नव्हे. मी गाणं पूर्ण ऐकलं. दुसरंही ऐकलं. मग माझं डोकं ठणकायला लागलं आणि मी ती रेघ खाली आणली. मधे. मला पाहिजे तिथं. तुझी आठवण म्हणून मी कान फोडून घेणार नाही.

पण उभ्या गाडीत लावलेलं खरं नसतं, हे मीच तुला शिकवलेलं. शिनूला म्हटलं, चल, होटगी रोडला. नारायणनं डोळे मोठे केले. शिनूनं किल्ली घेतली. पोरगा चांगला आहे, फक्त गार आहे. तो चालवत होता, मी रेघा लावत होते. दर वेळी विचारायची, आता? तो म्हणायचा, सेमच वाटतंय अक्का. आता? छान आहे. आता? मगाचंच आहे की. तू वाद घालायचास त्याचा मला राग यायचा. या पोराला फरकच कळत नाही, त्याचा जास्त राग आला. विरुद्ध बाजूला कोणी नसलं की आपण नक्की कुठं उभे आहोत तेच समजत नाही. मी रेघा तशाच ठेवल्या आणि परत चल म्हटलं.

घरी आलो तर पद्मा दारात उभी. आत बसून राहायचे ते दिवस, पण ती चौकटीपर्यंत आली होती. गाणं चालूच होतं. ती आमच्याकडं नाही, गाडीकडं बघत होती.

मी म्हटलं, "ये, बस."

ती आली. नारायण उठून उभा राहिला, पण तोपर्यंत ती गाडीत होती. मागचं दार सरकवून, मागं. सवयीनं. आपल्या घरातली रीत अशी की पुढं चालवणाऱ्याशेजारी घरातलं मोठं माणूस. तू आणि मी पुढं, पद्मा मागं. गाडी घेतल्यापासून असंच. देवाला गेलो, लग्नाला गेलो, दवाखान्यात गेलो, पद्मा मागं. मोठे दोन स्पीकर पण मागंच, तिच्या डोक्याशेजारी.

"पुढं ये," मी म्हटलं आणि उतरले.

तिला ते अवघड गेलं. पदर सावरत, दाराला धरून, परक्याच्या गाडीत चढल्यासारखी ती पुढच्या सीटवर बसली. मी शेवटची रेघ तिला दाखवली. म्हटलं, ही तुझा नवरा टोकाला न्यायचा, मी मधे आणली. आता बरं ऐकू येतं ना?

पद्मा कमी बोलते हे तुला माहीत आहे. तू बोलायला जागा ठेवली नव्हतीस आणि उरलेली मी घेतली. ती गाणं ऐकत बसली. मग म्हणाली,

"अक्का, मागं काय ऐकू येतं ते तुमाला म्हाईत न्हाई. मागं नुसतं ढुम ढुम. गाण्यातली बाई काय म्हणती ते मला कदी कळलं न्हाई. तुमी दोघं पुढं भांडायचा, ते तेवढं नीट ऐकू यायचं."

शिनू हसला. मी नाही हसले. तुझ्या बायकोला काय ऐकू येतं ते तू विचारायचं होतंस. मी विचारायची गरज नव्हती, बायको तुझी.

"आन् पुढं पण लांबूनच येतंय," ती म्हणाली. "शेजारच्या घरात लावल्यावानी."

शिनूनं टेपकडं वाकून बघितलं आणि एक बारीक बटण दाखवलं. आवाज पुढच्या स्पीकरला किती आणि मागच्याला किती, ते त्याच्यावर ठरतं. तू ते पार मागं फिरवून ठेवलं होतंस. पुढचे स्पीकर लहान, त्यांचा आवाज तुला पत्र्यासारखा वाटायचा म्हणून. आपण पाच रेघांवरून भांडत राहिलो आणि ते बटण समोर होतं. शिनूनं ते पुढं फिरवलं. मग पद्मानं प्लेअर माझ्या हातातून घेतला. मागितला नाही, घेतला. पहिली रेघ खाली आणली. ढोलकी बसली. मधली वर केली. ज्या मधल्या रेघेवर तुझं-माझं एकमत होतं की ती खाली पाहिजे, तीच. बाई एकदम पुढं आली, काचेच्या आत बसून गायल्यासारखी.

मला ते पटलं नाही. गळा फार पुढं आला, मागचं वाजवणं उघडं पडलं. मी तसं म्हणाले. पद्मा म्हणाली, "असू द्या."

असू द्या. व्यंकू, लग्न होऊन या घरात आल्यापासून तिनं मला असं उत्तर दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती दुपारी स्वतःच जाऊन गाडीत बसली. तिसऱ्या दिवशी पण. नारायणनं मला गाठून सांगितलं, सुतकातली बाई गल्लीत बसून गाणी ऐकती, समाजात तोंड दाखवायला जागा राहिली नाही, तू तिला फूस लावलीस. मी म्हटलं, व्हय, लावली. तू असतास तर तुला दोन्ही बाजूंची समजूत घालावी लागली असती आणि तू भाडं आहे सांगून पळाला असतास.

रविवारी मंगळवेढ्याचा माणूस आला. चांगला होता बिचारा. टायर बघितले, खालून वाकून बघितलं, दारावर टकटक केली आणि म्हणाला, दार भरीव वाटतंय, काय घातलंय? मी म्हटलं, टॉवेल. त्याला ती चेष्टा वाटली. मग त्याला गाडी चालवून बघायची होती. पुढच्या सीटवर पद्मा बसलेली, गाणं चालू. नारायण म्हणाला, वहिनी, उतरा जरा. शिनू म्हणाला, आई, पाच मिनिटं. ती पुढं बघत बसली होती.

"गाणं संपू दे," पद्मा म्हणाली.

सगळे थांबले. गाणं संपलं. तिनं दुसरं लावलं.

तो माणूस ओट्यावर येऊन बसला. मी त्याला चहा दिला. दुसरं संपलं, तिनं तिसरं लावलं. नारायण गाडीपाशी उभा, उन्हात, एकदा शिनूकडं बघतोय, एकदा माझ्याकडं. शिनू हळूच आईच्या खिडकीपाशी गेला आणि विचारलं, तुला गाडी द्यायची नाही का? इतक्या दिवसांत तिला हा प्रश्न कोणीतरी पहिल्यांदा विचारला. ती म्हणाली, न्हाई. एवढंच. आवाजही वाढवला नाही. गाणं चालू असून मला ओट्यावर ऐकू आलं.

मंगळवेढ्याचा माणूस उठला, कप विसळून ठेवला आणि एसटीला गेला.

गाडी दारात आहे. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या रिक्षावाल्याची बायको चालवायला शिकलेली आहे, ती रविवारी येते आणि आम्हाला फिरवते. नारायण आता फ्लेक्सपाशी उभा राहून आमच्याबद्दल बोलतो. बोलू दे, तिथं सावली आहे. शिनू पुण्याला गेला, तुझी गाणी फोनात घेऊन. तिथून त्यानं कळवलं की गाडीतल्यासारखी लागत नाहीत. म्हणजे थोडं कळायला लागलंय.

पुढं पद्मा बसते. आता घरात मोठी मी असले तरी गाडी तिची, प्लेअर तिच्या मांडीवर, आणि ती उठत नाही. मी मागं बसते, तुझ्या त्या दोन मोठ्या स्पीकरांच्या मधे.

मागून कसं ऐकू येतं ते मी तुला सांगणार नाही. येऊन बसून बघायचं होतंस.